झोपण्यापूर्वीची प्रार्थना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जून उजाडला की पुण्यात नवी मुलं उतरतात. नगर, श्रीरामपूर, जालना, सोलापूर, मिरज, वसई. त्यांतली जी ख्रिस्ती घरांतून येतात, त्यांच्यातल्या अनेकांची एक सवय गावीच राहते. घरी दिवे लागले की आई हाक मारते, चटई पसरली जाते, एक गीत, शास्त्रातला एक उतारा, वडिलांची प्रार्थना आणि मग ताटं. पुण्यातल्या पीजीत हाक मारायला कोणी नसतं. दुसरीकडे काही जण मोठेपणी प्रभूकडे वळलेले असतात, घरात एकटेच. त्यांच्या वाट्याला ही चटई कधी आलेलीच नसते. दोघांचाही प्रश्न मात्र एकच असतो: रात्री एकट्याने बसल्यावर नेमकं म्हणायचं काय? हा लेख त्या दोघांसाठी आहे.

रात्रीची प्रार्थना म्हटलं की पुष्कळांना वाटतं, दिवसभराच्या चुका देवापुढे वाचून दाखवायच्या आणि माफी मागायची. मग होतं असं, की दिवस चांगला गेला तर प्रार्थनेची गरज वाटत नाही आणि वाईट गेला तर तोंड दाखवायची लाज वाटते. दोन्हीकडून प्रार्थना सुटतेच. माझं सांगणं असं की दिवसाच्या शेवटी आपण तो दिवस जसा झाला तसा देवाच्या हाती देतो. अर्धं राहिलेलं काम, बिघडलेलं बोलणं, न मागता मिळालेली मदत, सगळंच. पश्चात्ताप त्यात येतो, पण आभारांच्या मागून येतो. हा क्रम सांभाळला तर प्रार्थना टिकते. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात पाच झाली तरी पुरे.

वेळ आणि जागा आधी ठरवा

पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. तिन्हीसांजेला दिवा लावून देवाचं नाव घ्यायचं ही मराठी घराची रीत आहे, तशी ती ख्रिस्ती मंडळीचीही फार जुनी रीत आहे. दिवे लावताना ख्रिस्ताला आनंददायी प्रकाश म्हणून आळवणारं एक ग्रीक गीत चौथ्या शतकातले लोकसुद्धा 'जुनं' म्हणत, आणि पूर्वेकडच्या मंडळ्या संध्याकाळच्या उपासनेत आजही तेच गातात.

पण पुण्यात नोकरी करणारा माणूस तिन्हीसांजेला घरी नसतो. तो मगरपट्ट्याच्या सिग्नलला अडकलेला असतो, नाहीतर हिंजवडीहून परतणाऱ्या बसमध्ये उभा. म्हणून एकट्या माणसाने झोपण्यापूर्वीची वेळ धरावी. त्यातही घड्याळातली वेळ ठरवू नका, प्रार्थना एखाद्या रोजच्या कामाला जोडा. दात घासले, पाय धुतले, की बसायचं. साडेदहा म्हणून ठरवलं तर एक दिवस अकरा वाजतात, मग 'आज राहू दे' होतं. पाय मात्र आपण रोज धुतो.

अंथरुणात पडून सुरुवात करू नका. खुर्ची, कॉटची कड, जमिनीवर अंथरलेली सतरंजी, काहीही चालेल. गुडघे टेकायची सवय असेल तर उत्तम. गुडघे दुखत असतील तर बसून करा, त्यात कमीपणा नाही. 'आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे' असं प्रभू म्हणाला (मत्तय ६:६), पण तिघांत एक खोली असलेल्याने दार कोणावर लावायचं? अशा वेळी गच्ची, जिन्याचा वरचा टप्पा किंवा गॅलरी. नाहीतर रूममेटला एकदा सरळ सांगून टाका, की मी रात्री दहा मिनिटं प्रार्थना करतो किंवा करते. आपण संकोच करतो तितकं ते अवघड नसतं. बहुतेक माणसं आपणहून आवाज कमी करतात.

मोबाइलबद्दल एवढंच: सकाळचा अलार्म आधी लावा आणि मग फोन हात पोचणार नाही इतक्या लांब चार्जिंगला ठेवा. पवित्र शास्त्र शक्यतो छापील घ्या. मोबाइलमध्येच वाचायचं असेल तर फ्लाइट मोड लावून वाचा. स्तोत्राच्या तिसऱ्या ओवीवर ऑफिसच्या ग्रुपचा मेसेज वरून सरकत आला की मन गेलंच.

सुरुवात

बसल्याबरोबर बोलू नका. तीन-चार श्वास शांतपणे घ्या. पंख्याचा आवाज, रस्त्यावरचा हॉर्न, शेजारच्यांचा कुकर, जे ऐकू येतं ते येऊ द्या. कॅथलिक असाल तर क्रुसाची खूण करा: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. नसाल तर 'प्रभू, मी तुझ्यासमोर आहे' एवढं पुरतं.

मग एक वाक्य, जे रोज तेच राहील. माझ्या आवडीचं वाक्य लूकच्या शुभवर्तमानातलं आहे (२४:२९). क्रुसावरच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी दोन शिष्य अम्माऊस गावाकडे निघालेत, खचून गेलेले. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्याबरोबर चालू लागतो. गाव येतं, तो पुढे निघाल्यासारखं दाखवतो आणि हे दोघं त्याला आग्रह करतात: आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ होत आली आहे, दिवस उतरला आहे. तो येशू आहे हे त्यांना अजून कळलेलंही नसतं. तो आत येतो, भाकर मोडतो आणि तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. थकलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही म्हणायची गरज नाही. 'प्रभू, माझ्याबरोबर राहा. दिवस उतरला आहे.'

एक स्तोत्र, रोज तेच

सहाव्या शतकात संत बेनेदिक्त यांनी आपल्या मठांसाठी नियम लिहिला. त्यात झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेला पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतली तीन स्तोत्रं नेमून दिली आहेत, आणि ती वारानुसार बदलायची नाहीत, रोज तीच म्हणायची: आपल्या मराठी शास्त्राच्या क्रमांकांनुसार ४, ९१ आणि १३४. मठातले भाऊ ती इतकी पाठ करत की अंधारात, दिव्याशिवाय म्हणू शकत. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. सकाळी मन ताजं असतं, तेव्हा नवा उतारा वाचावा, टिपणं काढावीत, अभ्यास करावा. रात्री मन दमलेलं असतं, त्याला नवं काही नको असतं. ओळखीचे शब्द लागतात.

नव्या माणसाने चौथ्या स्तोत्रापासून सुरुवात करावी. आठच ओव्या आहेत. त्यात तक्रार आहे, रागावलात तरी पाप करू नका, अंथरुणात स्वतःच्या मनाशी बोला आणि गप्प राहा असा सल्ला आहे, आणि शेवट असा की मी स्वस्थ पडतो आणि झोपतो, कारण मला निर्भय ठेवणारा परमेश्वरच आहे. एक महिनाभर हेच म्हणा. मोठ्याने म्हणा, निदान ओठ हलू द्या. डोळ्यांनी वाचलेलं स्तोत्र दमलेल्या मनात थांबत नाही, तोंडाने म्हटलेलं थांबतं. महिन्याअखेरीस ते आपसूक पाठ झालेलं असेल. मग ९१ घ्या. त्यात सोळा ओव्या आहेत, परात्पराच्या छायेत राहणाऱ्याला रात्रीच्या भयाची भीती वाटणार नाही असं सांगणाऱ्या. ज्यांना एकटं झोपायची भीती वाटते, त्यांनी आधी ९१ घेतलं तरी चालेल. १३४ तर तीनच ओव्यांचं आहे. ज्या रात्री डोळे उघडे राहत नाहीत त्या रात्रीसाठी ते.

दिवस मागे वळून पाहताना

हा प्रार्थनेचा गाभा आहे आणि बहुतेक जण इथेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इग्नेशियस लोयोला, येशूसंघाचे संस्थापक, यांनी सोळाव्या शतकात दिवसाची तपासणी करायची एक पद्धत शिकवली. पाच पायऱ्या आहेत. आधी देवाचे आभार. मग स्वतःकडे नीट पाहता यावं म्हणून प्रकाश मागायचा. मग दिवस तासातासाने डोळ्यांसमोरून न्यायचा. मग जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची. शेवटी उद्यासाठी एक ठरवायचं. ही पद्धत कॅथलिकांची म्हणून बाकीच्यांनी बाजूला ठेवू नये. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, मेथडिस्ट असो की साल्व्हेशन आर्मी, यात कोणाच्या श्रद्धेला अडचण यावी असं काही नाही.

यातली पहिली पायरी आभारांची आहे, हे लक्षात घ्या. माणूस दमला की त्याला दिवसातलं खटकलेलंच आठवतं. आभारांपासून सुरुवात केली की दिवस पुरा दिसतो. आणि आभार मोघम नकोत. 'आरोग्याबद्दल, अन्नाबद्दल, सर्व आशीर्वादांबद्दल' हे आपण इतकं म्हणतो की ते म्हणताना मनात काही उभंच राहत नाही. आज घडलेल्या दोन किंवा तीन गोष्टी घ्या.

खराडीत नोकरी करणारा एक तरुण धरू. त्याची प्रार्थना अशी होऊ शकते:

'प्रभू, सकाळी पाऊस होता तरी बस वेळेवर मिळाली, तुझे आभार मानतो. मीटिंगमध्ये मॅडमनी माझं काम सगळ्यांपुढे चांगलं म्हटलं. मला फार बरं वाटलं, ते तुला सांगतो. दुपारी आईचा फोन आला आणि मी कामात आहे म्हणून ठेवून दिला. मी कामात नव्हतो, मोबाइल बघत बसलो होतो. तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी विचारलं नाही. मला क्षमा कर. उद्या जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन करीन. संध्याकाळी चंदननगरच्या चौकात एका रिक्षावाल्यावर ओरडलो. त्याचा दोष होता, पण मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तो मला पुन्हा भेटणार नाही. त्याला आज शांत झोप दे.'

बस, इतकंच. यात 'मी महापापी आहे' असं कुठेही नाही, आणि तरी ही प्रार्थना त्याहून खरी आहे. मोठमोठे शब्द वापरले की आईचा फोन त्यांच्यामागे लपतो. आणि 'यापुढे मी आईशी चांगला वागेन' याऐवजी 'उद्या जेवणाच्या सुट्टीत फोन करीन' हे पाहा. ज्या निश्चयाला वेळ आणि जागा आहे तोच दुसऱ्या दिवशी आठवतो. उद्या रात्री बसल्यावर तो फोन केला की नाही हेही आपोआप समोर येईल.

दुसरी काळजी उलट बाजूची. काही हळव्या मनाची माणसं रोज रात्री स्वतःला उकरून काढतात. हे बोलले ते बरोबर होतं का, त्या नजरेत पाप होतं का, मागच्या वर्षीच्या चुकीची क्षमा खरंच मिळाली का. अशांनी स्वतःला मर्यादा घालून घ्यावी: आजच्या दिवसातल्या जास्तीत जास्त दोन गोष्टी, त्या कबूल करायच्या आणि थांबायचं. आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आहे, क्षमा करतो, असं योहानाच्या पहिल्या पत्रात स्पष्ट लिहिलं आहे (१:९). काल दिलेली क्षमा आज पुन्हा मागणं म्हणजे कालच्या त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं. मनाचा हा छळ थांबतच नसेल तर आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी बोला. एकट्याने त्यातून निघणं कठीण असतं.

राग असेल तर

'तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये' असं पौल इफिसकरांस लिहितो (४:२६). नवरा-बायकोने, भावंडांनी, एका खोलीतल्या मैत्रिणींनी हे वाक्य जितकं जपावं तितकं थोडं. पण त्याचा अर्थ रात्री साडेअकराला सगळा वाद मिटवायला बसणं असा घेऊ नका. दमलेली दोन माणसं वाद मिटवत नाहीत, वाढवतात. व्हॉट्सॲपवर लांबलचक खुलासा तर मुळीच लिहू नका. समोरच्याला एवढंच सांगा: 'मला वाईट वाटलंय, पण आपण उद्या चहाला बसून बोलू.' आणि देवापुढे त्या माणसाचं नाव घ्या, त्याच्या भल्यासाठी. सुरुवातीला शब्द कोरडे निघतील. निघू द्या. त्याचं भलं मागताना मनात गाठ असली, तरी ती गाठही देवाला दाखवायचीच आहे.

इतरांची नावं

आता आपल्या माणसांची नावं घ्या. यादी लहान ठेवा. घरचे, आजारी असलेलं कोणी, परीक्षेला बसलेलं कोणी, आणि एक असा माणूस जो आज जागा आहे. ससूनच्या वॉर्डातली रात्रपाळीची नर्स, सोसायटीचा वॉचमन, स्टेशनवर गाडीची वाट पाहणारं कुटुंब. बाहेर अँब्युलन्सचा सायरन वाजला तर तिच्यातल्या माणसासाठी. पुण्यात रात्री तो बऱ्याचदा ऐकू येतो.

घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तर ते नाव इथे येणारच. कॅथलिक घरांत मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंट घरांत बहुधा त्या माणसाच्या आयुष्याबद्दल आभार मानतात. ज्या मंडळीत तुम्ही आहात तिची रीत धरा. रडू आलं तर तेही प्रार्थनेतच मोजलं जातं.

हाती देणं

शेवटच्या पायरीसाठी मंडळीने दोन हजार वर्षांत फार सुंदर शब्द जमवून ठेवले आहेत. एक शिमोनाचं गीत (लूक २:२९–३२). यरुशलेमच्या मंदिरात एक म्हातारा माणूस आयुष्यभर मसीहाची वाट पाहत असतो. मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन येतात, तो बाळाला हातांत घेतो आणि म्हणतो, प्रभू, आता तू आपल्या दासाला शांतीने जाऊ देत आहेस, कारण माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं आहे. कॅथलिक रात्रप्रार्थनेत हे गीत रोज असतं, अँग्लिकन संध्याप्रार्थनेतही ते आहे. एका दिवसाचं काम संपवणाऱ्या माणसाच्या तोंडी ते आयुष्य संपवणाऱ्या माणसाचे शब्द देतं. दोन्ही वेळा सोडून द्यावं लागतं.

दुसरं वाक्य क्रुसावरचं: 'हे पित्या, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो' (लूक २३:४६). प्रभूने ते एकतिसाव्या स्तोत्रातून घेतलं होतं. तिसरी एक छोटी प्रार्थना इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थना-पुस्तकात १५४९ सालापासून आहे, तिचा आशय असा: प्रभू, आमचा अंधार उजळ, आणि तुझ्या थोर दयेने या रात्रीच्या सगळ्या संकटांपासून आमचं रक्षण कर. यांपैकी एक निवडा आणि तेच ठेवा.

स्वतःच्या शब्दांत म्हणायचं असेल तर हे घ्या, हवं तसं बदला:

'प्रभू येशू, आजचा दिवस तू दिला होतास, तो तुला परत देते. जे झालं त्याबद्दल आभार. जे राहिलं ते तुझ्याकडे राहू दे, उद्या मला लागेल तेवढंच परत दे. माझ्या घरच्यांना सांभाळ, ते जिथे असतील तिथे. मी झोपले तरी तू जागा आहेस. तुझ्या नावाने मागते, आमेन.'

यानंतर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना पूर्ण म्हणा, सावकाश. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथे एक क्षण थांबा. आजची मिळाली, ती पोटात आहे. मग आमेन.

आणि मग गप्प. बेनेदिक्तांच्या नियमात या प्रार्थनेनंतर मठात कोणी बोलायचं नाही असं आहे, पाहुणा आला किंवा तशीच गरज पडली तरच. आपल्यासाठी त्याचा सरळ अर्थ फोन न उचलणं. आमेननंतर 'एकदाच बघतो' म्हणून उघडलेला मोबाइल हाती दिलेला दिवस पुन्हा मागून घेतो.

घरात कुटुंब असेल तर

कौटुंबिक प्रार्थना जेवणाआधी ठेवा, झोपण्याआधी नाही. जेवणानंतर मुलं पेंगतात आणि मोठ्यांना भांडी दिसतात. टीव्ही बंद करायचं काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाला द्या, ते आनंदाने करतं. गीत त्यालाच निवडू द्या. बहुतेक मराठी प्रॉटेस्टंट घरांत 'उपासना संगीत' असतंच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं अभंगाच्या चालीत आहेत, त्यांना पेटी-तबला लागत नाही, टाळ्या पुरतात. एक किंवा दोन कडवी, बारा-पंधरा ओव्यांचा उतारा, तोही शुभवर्तमानांतला. मुलं लहान असताना लेवीय आणि गणना वाचायचा हट्ट धरू नये.

प्रार्थना कोण करणार, तर आळीपाळीने सगळे. सहा वर्षांच्या मुलाने 'देवा, मोत्याचा पाय बरा कर' म्हटलं तर तीच त्या दिवसाची प्रार्थना, तिच्यात भर घालायला जाऊ नका. आजी-आजोबा असतील तर त्यांची प्रार्थना लांब होते. त्यांना त्या घरातल्या आणि गावाकडच्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं असतं. त्यांना घाई करू नये. मुलं चुळबुळतात ती चुळबुळू दे, आपलं नाव कोणीतरी रोज देवापुढे घेतं हे त्यांच्या कानावर पडत असतं.

घरात एकटेच ख्रिस्ती असाल, तर सगळ्यांनी बसावं असा आग्रह धरू नका. सासूबाई देवाजवळ दिवा लावत असतील तर त्याच वेळी तुम्ही तुमच्या खोलीत शांतपणे स्तोत्र म्हणा. घरातल्या माणसांचं भलं मागा, आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसा.

कॅथलिक घरांत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना असते, पाच दशकांना (एक दशक म्हणजे मरियेच्या प्रार्थनेची दहा आवर्तनं) पंधरा-वीस मिनिटं लागतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं (रहस्य म्हणजे मनन करायचा येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला प्रसंग), मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली, म्हणून जुन्या पुस्तिकेत ती सापडणार नाहीत. नव्याने सुरू करणाऱ्याने एकच दशक म्हणावं, पण नेटाने.

रात्रपाळी असेल तर

दिवस संपतो तेव्हा तो तुमचा संपतो. सकाळी सातला घरी येऊन पडदे ओढणाऱ्यानेही हीच प्रार्थना करावी, शब्दांत फक्त 'रात्र' आणि 'दिवस' यांची अदलाबदल. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात 'संध्याकाळ झाली आणि सकाळ झाली, हा पहिला दिवस' असं आहे. तिथे दिवस संध्याकाळीच सुरू होतो.

ज्या रात्री काहीच निघत नाही

अशा रात्री येतात. नोकरी गेलेली असते, रिपोर्ट वाईट आलेला असतो, किंवा कारण नसतानाच आत सगळं काळं असतं. तेव्हा आनंदाचं स्तोत्र ओढूनताणून म्हणू नका. शास्त्रात अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत अंधारातच आहे. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. शेवटच्या ओवीतही अंधारच उरतो. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि कॅथलिक रात्रप्रार्थनेत दर शुक्रवारी तेच नेमलेलं आहे. ज्या दिवशी प्रभू क्रुसावर गेला त्या वारी, त्या माणसांच्या वतीने जी स्वतः काही म्हणू शकत नाहीत. तुम्हाला ते म्हणावंसं वाटत असेल तर जाणून असा, की तुमच्याबरोबर जगभरातले अनेक जण ते म्हणत आहेत.

तेवढंही झेपलं नाही तर येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराचं एक वाक्य पुरे: 'हे देवा, मज पाप्यावर दया कर' (लूक १८:१३). श्वास घेताना अर्धं, सोडताना अर्धं.

प्रार्थनेत झोप लागली तर अपराधी वाटून घेऊ नका. लिझ्यूची संत तेरेझा मठात प्रार्थनेच्या वेळी पेंगायची. तिने लिहून ठेवलंय की लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना ती सारखीच आवडतात.

पण आठवड्यांमागून आठवडे झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. प्रार्थना कमी पडली असं त्यातून ठरत नाही. लूक, ज्याच्या शुभवर्तमानातून वर इतक्या वेळा उतारे घेतले, त्याला पौलाने 'प्रिय वैद्य' म्हटलं आहे (कलस्सै ४:१४). गोळी घ्या आणि स्तोत्रही म्हणा.

मंडळीत या

एकट्याने केलेली रात्रीची प्रार्थना काही महिन्यांनी सुकायला लागते, तिला इतरांच्या आवाजाची गरज असते. पुण्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. गुरुवार पेठेत पंच हौदाचं पवित्र नाम देवालय आहे, त्याचा उंच घंटाघर-मनोरा लांबूनही ओळखू येतो. कसबा पेठेत ब्रदर देशपांडे चर्च आहे. कॅम्पात १८२५ सालचं सेंट मेरीज आहे, रेसकोर्सजवळ सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल. शिवाजीनगरला १९२७ साली सुरू झालेला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे, जिथे भारतीय पद्धतीने, जमिनीवर बसून उपासना करायची परंपरा रुजली. मराठी उपासना कुठे आणि किती वाजता आहे, इंग्रजी कुठे, हे प्रत्येक ठिकाणी दाराजवळच्या फलकावर लिहिलेलं असतं. जाण्याआधी तो फलक पाहा किंवा कार्यालयात फोन करा, सणांच्या दिवसांत वेळा बदलतात.

उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, अनेक मंडळ्या आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी संध्याकाळची प्रार्थनासभा ठेवतात. नव्या माणसाने ओळख करून घ्यायला ही सगळ्यात सोपी जागा. वीस-पंचवीस माणसं, खुर्च्या कमी पडलेल्या, शेवटी चहा. तिथे तुम्हाला प्रार्थना करायला सांगतील. तयारी नसेल तर 'आज नको' म्हणा, कोणी वाईट वाटून घेत नाही. आणि करायची इच्छा असेल तर रोज रात्री म्हणता तेच म्हणा.

रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना किंवा फादरांना दोन मिनिटं थांबवून विचारा: मी रोज रात्री हे एवढं करतो, यात काय वाढवू, काय कमी करू? ते तुम्हाला ओळखतील तसा त्यांचा सल्ला या लेखापेक्षा नेमका होत जाईल. पुढच्या वेळी त्यांना भेटाल तेव्हा स्तोत्र कितवं चालू आहे हेही सांगा.